वरातीच्या घोडीवर लेकराला बसवू का? घोड्यावरच्या थेरपीबद्दल सविस्तर उत्तर

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला, मग लिहायला बसले. इतरांनाही कळावं म्हणून थोडक्यात सांगते. तुम्ही अंबाजोगाईजवळच्या गावात राहता, मुलगा 7 वर्षांचा, सेरेब्रल पाल्सी (थोडक्यात सीपी, मेंदूतल्या इजेमुळं हालचालीवरचा ताबा कमी असतो) आहे, दोन्ही पाय कडक, वॉकर धरून घरातल्या घरात चालतो पण बसला की पाठीतून वाकतो आणि एक हात टेकवूनच बसतो. मोबाईलवर घोड्यावर बसवून थेरपी देतात तो व्हिडिओ पाहिला, मामाकडं वरातीची घोडी आहे, तर रोज अर्धा तास बसवलं तर किती महिन्यांत वॉकर सुटेल? आणि शेवटी विचारलंय की दिरांना पोलिओ आहे, त्यांनाही फायदा होईल का.

मी परभणीत 17 वर्षं फिजिओथेरपी करते, जास्त करून लेकरांचीच, आणि गेले 6 हिवाळे शहराबाहेर एका शेतात घोड्यावरची थेरपी चालवतेय. घोड्यांचं सगळं एक काका बघतात, त्यांच्या तीन पिढ्या घोड्यातच गेल्या. खाली जे लिहितेय त्यातलं लेकरांचं माझं आणि घोड्यांचं बरंचसं त्यांच्याकडून शिकलेलं.

आधी तुमच्या प्रश्नामागचा प्रश्न. दर वेळी जिल्ह्याच्या गावी जायचं म्हणजे एक दिवसाचा रोज बुडतो, गाडीभाडं जातं, आणि तिथं पोचल्यावर वीस मिनिटं मिळतात. घोडी मात्र मामाच्या दारात उभी आहे. तेव्हा जे दारात आहे त्यानं काम होत असेल तर का करू नये, हे वाटणं अगदी बरोबर आहे. पण "किती महिन्यांत चालेल" याचं उत्तर मी देणार नाही, कुणी दिलं तरी विश्वास ठेवू नका. सीपीच्या लेकरांच्या हालचालीच्या पाच पातळ्या असतात, त्याला जीएमएफसीएस म्हणतात, आणि लेकरू कोणत्या पातळीवर आहे हे साधारण 5 वर्षांपर्यंत बऱ्यापैकी स्पष्ट होतं. 7 व्या वर्षी वॉकरवर असलेलं लेकरू घोड्यामुळं वॉकर टाकून देईल असं मी एकदाही पाहिलेलं नाही. वाईट वाटेल वाचून, पण हे आत्ताच सांगितलेलं बरं, नाहीतर होळीला हंगाम संपताना तुम्ही निराश व्हाल आणि जे खरंच सुधारलंय तेही दिसणार नाही.

मग घोड्यानं होतं काय? मामांना म्हणा घोडीला सरळ रेषेत चालवा आणि तुम्ही लाथ पोचणार नाही इतकं लांब मागं उभं राहून तिच्या पुठ्ठ्यांकडं बघा. एक बाजू खाली जाते, दुसरी वर येते, पाठ थोडी पुढं सरकते, थोडी वळते. आता स्वतःच्या कमरेवर दोन्ही हात ठेवून दहा पावलं चाला, हाताखाली जवळजवळ तेच लागेल. म्हणजे ज्या लेकराची कंबर नीट चालण्याच्या लयीत कधी हललीच नाही त्याला घोड्याच्या पाठीवर बसल्या बसल्या ती लय मिळते, मिनिटाला शंभरेक हेलकावे, वीस मिनिटांत दोन हजार. प्रत्येक हेलकाव्याला त्याला थोडं तरी सावरावं लागतं आणि तेच पाठीपोटाच्या स्नायूंचं काम. टेबलावर मी कितीही खटपट केली तरी दोन हजार वेळा सावरायला लावू शकत नाही, लेकरू पाचव्या मिनिटाला रडतं. दुसरं म्हणजे घोड्याचं अंग आपल्यापेक्षा थोडं गरम असतं, 38 अंशांच्या आसपास, आणि पाय दोन्हीकडं टाकून बसलं की कात्रीसारखे एकमेकांत अडकणारे पाय त्या उबेत हळूहळू सैल होतात. पहिल्या पाच मिनिटांत गुडघे घोडीला चिकटलेले असतात, दहाव्या मिनिटाला पाय लोंबायला लागतो, हे मी दर आठवड्याला बघते आणि अजूनही बघत राहावंसं वाटतं.

ह्याला हिप्पोथेरपी म्हणतात, ग्रीक भाषेत हिप्पोस म्हणजे घोडा. यात लेकरू घोडा चालवत नाही, घोडा लेकराला हलवतो आणि थेरपिस्ट ठरवतो किती, कसं. दुसरा प्रकार थेरप्युटिक रायडिंग, त्यात लगाम धरणं, थांबवणं, वळवणं शिकवतात, तो ऑटिझमच्या किंवा बौद्धिक अपंगत्व असलेल्या मुलांना जास्त लागू पडतो. ऑटिझमवर अमेरिकेत 2015 साली एक चांगला अभ्यास छापून आला, 6 ते 16 वर्षांची मुलं, 10 आठवडे. एका गटाला घोड्यावर बसवलं आणि दुसऱ्या गटाला त्याच ठिकाणी नेलं पण खऱ्या घोड्याशिवाय, तर घोड्याच्या गटात चिडचिड आणि अतिचंचलपणा जास्त कमी झाला, बोलण्यातले शब्दही वाढले. सीपीमध्ये बसण्याचा तोल आणि कमरेवरचा ताबा सुधारतो असं बऱ्याच अभ्यासांत दिसलंय, पण बहुतेक अभ्यास लहान आहेत, म्हणून मी याला फिजिओ, एएफओ बूट (घोटा-पाऊल सरळ धरणारे), डॉक्टरांनी सांगितलेलं इंजेक्शन किंवा ऑपरेशन यांच्या जागी कधीच धरत नाही, त्यांच्या जोडीला धरते.

आता मामांच्या घोडीचं. इथं जरा दमानं वाचा.

वरातीच्या घोडीला बँड, फटाके, गर्दी याची सवय असते त्यामुळं लोकांना वाटतं ती शांत आहे. काही खरंच असतात. पण आपल्याकडच्या बऱ्याच घोड्यांना नाचायला शिकवलेलं असतं, आणि नाचायची खूण काय असते, तर टाच किंवा मांडीचा दाब आणि लगामाचा झटका. तुमच्या लेकराचे पाय कडक आहेत, घाबरला, हसला, शिंकला तरी ते आपोआप आत आवळले जाणार आणि टाचा घोडीच्या बरगडीला लागणार. तो काही सांगत नाहीये पण घोडीला वाटणार हुकूम आला. आमच्या पहिल्या हिवाळ्यात नेमकं हेच झालं. घोडी शांत, काकांची ओळखीची, शंभर वराती केलेली. वर बसलेल्या पोराला जोरात हसू आलं, पाय आवळले आणि घोडीनं पुढचे दोन्ही पाय उचलून नाचायचा पवित्रा घेतला. दोन्ही बाजूंना माणसं होती म्हणून पोरगा त्यांच्या हातात आला, लागलं काही नाही, पण चूक आमची होती, आम्ही टाचेची परीक्षा घेतलीच नव्हती. त्या दिवसापासून लेकराआधी घोड्यावर ज्वारीचं 25 किलोचं पोतं बसतं, आणि काका दोन्ही बाजूंनी बरगडीला मुठी दाबतात, कधी हळू कधी एकदम. घोडी जागची हलली की ती आमच्या कामाची नाही, मग किती का देखणी असेना.

तशाच आणखी परीक्षा. जवळ स्टीलचं ताट पाडायचं, छत्री उघडायची, वॉकर खडखडत बाजूनं न्यायचा, चेंडू पायाखालून जाऊ द्यायचा, कुणीतरी लेकरासारखी किंकाळी मारायची. दचकली तर हरकत नाही, दचकून उभी राहते का पळते ते बघायचं. एक पूर्ण मिनिट ढिल्या दोरीवर न हलता उभी राहिली पाहिजे, कारण चढवताना उतरवतानाच जास्त अपघात होतात. चढवायला आम्ही लाकडी रॅम्प केलाय, लेकराला खांद्यावरून उचलून वर फेकल्यासारखं बसवायचं नाही, त्यानं पाय आणखी ताठतात.

चालीचाही प्रश्न आहे. जत्रेत रवाल चालीच्या घोड्याला मोठा भाव असतो, वर बसलेल्याच्या हातातलं पाणी सांडत नाही असं कौतुकानं सांगतात. आम्हाला ती चाल नको. त्यात एका बाजूचे पुढचे-मागचे पाय जवळजवळ जोडीनं पडतात, मग मी वर सांगितलेला कमरेचा पुढं-मागं-वळणारा हेलकावा नीट मिळत नाही. आम्हाला साधी, मोकळी, चार पावलं वेगवेगळी ऐकू येणारी चाल हवी. माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत आम्ही दोनदा घोडी बघायला गेलो, लोक भोवरे बघतात, पंचकल्याणी आहे का बघतात, आम्ही डोळे मिटून टापा ऐकत उभे होतो. आत्ता जी आमची मुख्य घोडी आहे, चंदा, तिच्या कपाळावरचा भोवरा अशुभ म्हणून तिला गिऱ्हाईक नव्हतं. बुटकी, रुंद पाठीची, आधी धनगरांच्या वाड्यावर ओझं वाहायची, मेंढरं, कुत्री, कोंबड्या, रडणारी लेकरं सगळं पाहिलेली. वय 11. उंचीला कमी म्हणजे बाजूनं चालणाऱ्याचा हात लेकराच्या कमरेपर्यंत सहज पोचतो, ही गोष्ट उंच मारवाडी घोड्याबाबतीत जमत नाही.

आणि माणसं. एका लेकरामागं तीन माणसं लागतात, एक घोडी धरणारा आणि दोन बाजूंनी दोघं, ज्यांचा एक हात लेकराच्या मांडीवर आडवा असतो आणि दुसरा कमरेच्या मागं तयार. शिवाय मी समोरून बघते. घरी मामा आणि तुम्ही दोघंच असाल तर नका करू, एवढं स्पष्ट सांगते. दोन गोष्टी लोक मायेपोटी करतात आणि त्या सगळ्यात धोक्याच्या आहेत. एक म्हणजे ओढणीनं किंवा गमछ्यानं लेकराला खोगिराला बांधतात. घोडी घसरली, बसली, पळाली तर लेकरू तिच्यासोबत जातं, सोडवता येत नाही. कधीच बांधायचं नाही, ताबा माणसाच्या हाताचा. दुसरं, मोठं माणूस मागं बसून लेकराला पोटाशी धरतं. मग सावरायचं काम तो मोठा करतो, लेकरू नुसतं टेकतं, आणि घोडीच्या कमरेवर नको तिथं वजन येतं.

बसायला आम्ही कडक खोगीर घेत नाही, जाड चारजामा (पाठीवर टाकायची गादी) आणि वरून तंग (पोटाखालून आवळायचा पट्टा), पकडायला कडं असलेला. तंग आवळताना घोड्या पोट फुगवतात, म्हणून दहा पावलं चालवून पुन्हा आवळायचा, हे मामांना माहीत असणारच. हेल्मेट घोडेस्वारीचं, हनुवटीखाली पट्टा लावून. सुरुवातीला रिकीब (पाय ठेवायचं कडं) नाही, कारण कडक पायाच्या लेकराला रिकिबीत पाय मिळाला की तो ताठ करून उभं राहायला बघतं. पुढं दिली तर पाय लगेच सुटेल अशीच.

बसवण्याआधी काय तपासायचं ते तुमच्यासाठी सांगते आणि बाकीच्यांसाठी एक-दोन गोष्टी जोडते. तुमच्या लेकराचा खुब्याचा एक्स-रे वर्षभरातला हवा. कडक पायांच्या मुलांत खुबा हळूहळू वाटीतून बाहेर सरकतो, दुखत नाही तोवर घरच्यांना कळत नाही, आणि तसा खुबा असताना पाय फाकवून बसवणं बरोबर नाही. हाडाच्या डॉक्टरांनी एक्स-रे बघून हो म्हटलं तरच पुढं. डाऊन सिंड्रोम असेल तर मानेची तपासणी, मानेचे वरचे दोन मणके सैल असू शकतात. फिट ताब्यात नसेल, हाडं ठिसूळ असतील, पाठीचा बाक जास्त असेल, बसायच्या जागी जखम असेल तर नाही. धनुर्वाताचं इंजेक्शन लेकराचं आणि घोडीचं दोघांचं झालेलं पाहिजे, तबेल्यातल्या मातीत आणि लिदीत ते जंतू असतात. घोडीची ग्लँडर्सची रक्त तपासणीही हवी, तो रोग घोड्याकडून माणसाला होतो, नमुना हरियाणात हिसारला राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रात जातो, तुमच्या तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारा.

जखमेचा उल्लेख केला म्हणून सांगते. तिसऱ्या हिवाळ्यात स्पायना बायफिडा (जन्मतः पाठीचा कणा नीट न जुळलेला) असलेली 9 वर्षांची मुलगी यायची, कमरेखाली तिला कळत नाही. खूप आनंदानं बसायची, एकदाही तक्रार नाही. तिसऱ्या वेळेनंतर आईनं आंघोळ घालताना बघितलं तर बसायच्या हाडावर रुपयाएवढा फोड, चारजाम्याची एक शिवण तिथं घासत होती. भरून यायला दीड महिना लागला आणि तिचा हंगाम गेला. तिला दुखत नव्हतं म्हणून आम्हाला कळलं नाही, आणि जिथं लेकराला कळत नाही तिथंच आपण बघायला हवं होतं. आता उतरवलं की लगेच आणि रात्री पुन्हा आई त्वचा बघते, लाली वीस मिनिटांत गेली नाही तर पुढचा दिवस रद्द.

हंगामाचं. लोक विचारतात बारा महिने का नाही. आपली काळी माती पावसात चिकटते, घोडीचा पाय रुततो, आणि उन्हाळ्यात अशा भेगा पडतात की टाप अडकेल. आम्ही मुरूम आणि वाळू टाकून गोल केलाय तरी पावसाळ्यात माशा आणि चिखलानं घोडीच वैतागलेली असते. म्हणून दसऱ्यानंतर आठ-दहा दिवसांनी सुरू, होळीच्या आत बंद, कारण मार्चअखेर सकाळी नऊलाच हेल्मेटमध्ये लेकरू घामाघूम होतं. आठवड्यातून दोनदा, वीस-पंचवीस मिनिटं. रोज अर्धा तास नको, लेकराला नको आणि घोडीलाही नको. दिवाळी, संक्रांत, सर्दी-खोकला जाऊन बावीस-चोवीस वेळा होतं, तेवढं झालं तरी पुष्कळ. पहिले दोन आठवडे तर आम्ही बसवतच नाही, नुसती ओळख.

तुमच्याकडं आणखी दोन अडचणी आहेत. तुळशीचं लग्न झालं की मुहूर्त सुरू, म्हणजे नेमक्या याच दिवसांत मामांची घोडी रात्री बारापर्यंत वरातीत उभी असणार. अशी घोडी सकाळी लेकराखाली आणायची नाही, थकलेलं जनावर अडखळतं आणि चिडतं. आणि तुमच्याकडची कितीतरी घरं दसरा-दिवाळीला ऊसतोडीला जातात, लेकरंही टोळीसोबत जातात, हंगाम सुरू व्हायला आणि लेकरू जायला एकच गाठ पडते. तुम्ही जात असाल तर लेकराला आजीजवळ ठेवता येईल का हे आधी बघा, मध्येच तीन महिने तुटणार असेल तर घोड्याऐवजी घरच्या व्यायामावर जोर देऊ, त्यातही मी मदत करीन.

फायदा झाला का हे कसं कळणार? मी सुरुवातीला मोबाईलवर व्हिडिओ काढते, लेकरू स्टुलावर, पाय जमिनीला, हात न टेकवता किती सेकंद बसतं. गेल्या हिवाळ्यात तुमच्या मुलासारखाच एक 6 वर्षांचा होता, ऑक्टोबरात 40 सेकंद, महाशिवरात्रीच्या सुमारास पावणेचार मिनिटं. वॉकर अजून आहे. पण त्याची आई म्हणाली, "मॅडम, आता त्याचे दोन्ही हात ताटात असतात." आधी एक हात ओट्यावर टेकवून दुसऱ्या हातानं जेवायचा, भाकर आई मोडून द्यायची, आता एका हातानं भाकर धरून दुसऱ्यानं मोडतो. शर्ट डोक्यातून स्वतः घालतो. मला विचाराल तर तुमच्या लेकरासाठी मी हेच ध्येय धरीन, बसणं आणि मोकळे दोन हात, त्यानं शाळेत वही धरता येते. आणि हेही खरं की पावसाळ्यात घरी काहीच केलं नाही तर यातलं बरंच ओसरतं.

दिरांचं. लिस हार्टेल नावाच्या डेन्मार्कच्या बाई होत्या, 1944 साली पोलिओ झाला, गुडघ्याखाली पाय गेले, घोड्यावर चढवायला उतरवायला माणूस लागायचं, तरी 1952 च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये त्यांनी पुरुषांसोबत घोडेस्वारीत रौप्यपदक मिळवलं आणि 1956 ला पुन्हा. म्हणजे पोलिओ आहे म्हणून घोडा बंद असं अजिबात नाही. पण पोलिओत स्नायू ढिले असतात, कडक नसतात, त्यामुळं दिरांना बसण्याचा तोल, आत्मविश्वास, फिरण्याचा आनंद मिळेल, गेलेली ताकद परत येणार नाही. त्यांचा खरा मुद्दा वजनाचा. आपल्याकडची घोडी साडेतीनशे किलोच्या आसपास धरली तर सामानासकट 50-60 किलोच्या वर मी थेरपीत जात नाही, कारण असा माणूस वर तोल टाकत राहतो आणि तो भार घोडीच्या पाठीला जास्त लागतो. ते 70 चे असतील तर मोठा घोडा लागेल.

तर आत्ता तुम्ही काय करायचं. घोडीवर बसवणं थांबवा, घोडीजवळ नेणं थांबवू नका. मामांनी मोरखी (तोंडाला बांधलेली दोरी) धरायची, लेकराला एएफओ घालून घोडीच्या खांद्याजवळ उभं करायचं, मागच्या पायांकडं नाही, तुम्ही त्याची कंबर धरायची, छाती धरायची नाही, आणि त्याच्या हातात खरारा (घोडी घासायचा ब्रश) द्यायचा. मानेपासून खांद्यापर्यंत खरारा करायचा म्हणजे हात वर जातो, अंग वळतं, वजन एका पायावरून दुसऱ्यावर जातं. पाच मिनिटं पुरे. लेकरू हे व्यायाम म्हणून करत नाही, घोडीसाठी करतं, म्हणून जास्त वेळ करतं.

घरात दोन गोधड्यांची घट्ट गुंडाळी करा, त्याच्या मांड्या फाकतील इतकी जाड, त्यावर घोड्यासारखं बसवा, पाय जमिनीला टेकलेले. तुम्ही मागं बसून दोन्ही हात त्याच्या कमरेच्या हाडांवर ठेवा आणि गुंडाळी हळूच डावीकडं, उजवीकडं हलवा, समोर वाटाणे एका वाटीतून दुसऱ्या वाटीत टाकायचा खेळ. सकाळी दहा, संध्याकाळी दहा मिनिटं. मांडी दुखते म्हणाला तर गुंडाळी बारीक करा. एक्स-रे झाला नसेल तर तो आधी.

दसऱ्यानंतरच्या आठवड्यात एकदा परभणीला या, एक्स-रे, बूट, आधीचे सगळे कागद घेऊन, आणि मामांना सोबत आणा, काकांशी त्यांचं बोलणं व्हायला हवं. यायच्या आधी मामांना एवढं विचारून कळवा की तिला नाचायला शिकवलंय का, आणि बरगडीला टाच लागली की ती काय करते.